वहाण उंबऱ्याबाहेर, मग वहाण करणारा?

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण वहाणेविषयी नाही, हे कोणाही मराठी माणसास सांगावे लागत नाही. ज्याला आपण खालचा मानला त्याने खालीच राहावे, हे उघड बोलण्याची लाज वाटते तेव्हा ही म्हण कामी येते. सुनेला ती ऐकविली गेली, गड्याला ऐकविली गेली. आणि ज्याने ती वहाण शिवली त्याला तर ती ऐकविण्याचीही गरज पडली नाही, कारण तो जन्मापासून तीच ऐकत आला होता. देवळाच्या आश्रयाने नांदणाऱ्या आपल्या समाजात या म्हणीला धर्माचा टेकू मिळाला. वहाण देवळात नेत नाहीत. कारण ती चामड्याची आणि चामडे अमंगळ. म्हणून ते कमावणारा व शिवणारा अमंगळ. म्हणून त्यानेही उंबऱ्याबाहेरच थांबावे. असे हे चार पायऱ्यांचे तर्कशास्त्र आहे. त्यातली पहिली पायरी खरी आणि उरलेल्या तिन्ही खोट्या, एवढेच आम्हांला येथे दाखवावयाचे आहे.

देवळात वहाण काढण्याचा नियम जुनाट झाला असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. नियम उत्तम आहे, आणि तो आपल्या एकट्याचा नाही. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात जळत्या झुडपापुढे मोशेला पायतण काढण्याची आज्ञा होते. मशिदीच्या पायरीशी जोड्यांच्या रांगा लागतात, त्या आपण रोज पाहतो. ब्रह्मदेशात तर पॅगोड्यात शिरताना साहेबाने बूट काढावेत की नाही यावरून १९१६ पासून मोठी चळवळ उभी राहिली आणि अखेर साहेबाला नमते घ्यावे लागले. रोमन लोक मेजवानीला बसण्यापूर्वी पायतण काढीत. जपानात देवळाची गोष्ट सोडाच, राहत्या घरातही कोणी बाहेरची वहाण घालून शिरत नाही. दाराशी त्यासाठी वेगळी जागाच असते.

या जपानी दाराशी क्षणभर थांबणे अवश्य आहे, कारण आपल्या तर्कशास्त्राची दुसरी पायरी तेथेच ढासळते. जपान्यांची जुनी वहाण, झोरी, गवताची किंवा भाताच्या पेंढ्याची असे. गेता लाकडाची असे. त्यांत चामड्याचा संबंध नव्हता, तरी ती दाराबाहेरच राही. आज आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर जी जोड्यांची रास पडलेली असते, तिच्यात चामड्याचे जोड किती निघतील? बहुतेक सारे रबराचे आणि प्लॅस्टिकचे. दुसऱ्या महायुद्धानंतर याच जपानी झोरीच्या घाटाची रबरी चप्पल जगभर पसरली. ब्राझीलमध्ये ती १९६२ पासून निघू लागली. आणि आपल्याकडे ‘हवाई’ या नावाने ती शेतापासून सचिवालयापर्यंत पोहोचली. हिच्यात गाईम्हशीच्या कातड्याचा धागा नाही. मग ती घालून गाभाऱ्यात का जात नाही? कारण तिच्या तळाला रस्त्याची घाण लागलेली असते, आणि वहाण काढताना माणसाला वाकावे लागते. नियम धुळीचा आणि नम्रतेचा आहे, कातड्याचा नाही. कातडे त्यात मागाहून घुसविले गेले.

पायातल्या वस्तूचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, ती माणसाच्या पहिल्या शहाणपणांपैकी एक आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन प्रांतात फोर्ट रॉक नावाच्या गुहेत झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या. त्यांचे वय दहा हजार वर्षांच्या आसपास निघाले. शेती नव्हती, मडके नव्हते, पण पायात विणलेली चप्पल होती. इजिप्तच्या नार्मेर राजाची पाच हजार वर्षांपूर्वीची जी दगडी पाटी प्रसिद्ध आहे, तिच्यावर राजाच्या मागे त्याच्या वहाणा हातात घेतलेला सेवक कोरलेला आहे. राजाच्या वहाणा सांभाळणे हा तेथे मान होता. त्याच देशातल्या तुतनखामेनच्या थडग्यात १९२२ साली जे धन मिळाले, त्यात एका वहाणजोडाच्या तळव्यावर शत्रूंची चित्रे काढलेली होती, राजाने चालता चालता त्यांना तुडवावे म्हणून. ‘पायातली वहाण’ या म्हणीचे इतके प्रामाणिक चित्र दुसरे नसेल. आपण निदान चित्र काढले नाही!

असो. बाहेरचे पुरे. आमच्या भाविक वाचकांना बाहेरच्या दाखल्यांनी पटावयाचे नाही, शास्त्राने पटेल. तर शास्त्रच पाहू.

मराठीतला ‘वहाण’ आणि कोंकणीतला ‘व्हाण’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘उपानह्’ या शब्दाची लेकरे आहेत. हा शब्द वैदिक आहे. शतपथ ब्राह्मणात राजसूय यज्ञाचे वर्णन आहे. त्यात यजमान राजा वराहाच्या कातड्याच्या वहाणा पायात घालतो, आणि तो विधीचाच भाग आहे. कृष्णाजिनाविषयी काय सांगावे? मुंजीच्या बटूच्या अंगावर ते असे, यज्ञाच्या वेदीशी ते असे, ऋषींचे ते आसन असे. आणि ते काळविटाचे कातडेच होते. मनुस्मृती ज्यांच्या जिभेवर असते त्यांना आम्ही एवढेच स्मरण देतो की, दुसऱ्याने वापरलेल्या वहाणा व वस्त्रे वापरू नयेत असे मनूने स्नातकाला बजाविले आहे. म्हणजे वहाण त्याने गृहीतच धरली होती. (देवळाबाहेरून दुसऱ्याचा नवा जोड घालून घरी जाणाऱ्या आमच्या काही बांधवांनी हे वचन अवश्य ध्यानी घ्यावे. आपला जोड चोरीस गेला तर साडेसाती गेली असे समाधान करून घेणाऱ्या बापुड्यांविषयी आम्हांला सहानुभूती आहे.)

परंतु सर्वांत स्पष्ट साक्ष महाभारताची आहे. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की, श्राद्धकर्मात छत्री आणि वहाणा यांचे दान करतात, ही चाल कोणी घातली? भीष्म जी कथा सांगतात ती जमदग्नी आणि रेणुका यांची. ज्येष्ठातली भर दुपार. जमदग्नी बाण सोडीत आहेत आणि रेणुका ते वेचून आणून देत आहे. एका खेपेला तिला उशीर होतो; डोके तापले, पाय पोळले, म्हणून ती घडीभर झाडाच्या सावलीला थांबलेली असते. ऋषी कारण विचारतात, ती सांगते, आणि ऋषी संतापून सूर्यालाच खाली पाडावयास धनुष्य सज्ज करतात. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने येतो, शरण जातो, आणि त्यांना दोन वस्तू देतो: डोक्यासाठी छत्री आणि पायांसाठी चामड्याच्या पादुका. चामड्याच्या, हे भारतकारांनीच स्पष्ट म्हटले आहे.

ही कथा आपल्या वाचकांस परकी नाही. रेणुका म्हणजे माहूरची माता. सौंदत्तीला ती यल्लम्मा झाली. तिचा पुत्र परशुराम; त्याने समुद्र हटवून आपली कोंकणभूमी काढली, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या परशुरामाच्या आईचे पोळलेले पाय ज्या वस्तूने निवले, ती वस्तू प्रत्यक्ष सूर्यनारायणाने आपल्या हाताने आणून दिली. मग ज्याच्या हातून आज ती वस्तू मिळते, तो कोणाचे काम करतो आहे? या प्रश्नाचे उत्तर ‘सूर्याचे’ याखेरीज दुसरे असू शकेल तर ते शास्त्र्यांनी सांगावे.

यावर पंडित म्हणतात, पादुका वेगळ्या व वहाणा वेगळ्या. पादुका लाकडाच्या, म्हणून शुद्ध. ठीक. भरताने नंदिग्रामी सिंहासनावर ठेवल्या त्या सुवर्णमंडित होत्या. नृसिंहवाडीला, औदुंबरला, गाणगापूरला दत्तात्रेयाचे आपण जे पूजन करतो ते पादुकांचेच. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखी सुरू केली तीही पादुकांचीच. यांपैकी कोणतीही चामड्याची नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु मग गोव्यातल्या वेताळाचे काय? रात्रभर गावाची राखण करीत फिरणाऱ्या या ग्रामदेवाच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. देवाच्या पायात चामडे चालते, देवाच्या दाराशी चर्मकार चालत नाही! देवाला हा भेद कोणी शिकविला?

आणि देवळाच्या आत पाहा. अलीकडे कित्येक देवळांच्या दारावर ‘चामड्याच्या वस्तू आत आणू नयेत’ अशी पाटी असते. कमरेचा पट्टा काढा, पैशाचे पाकीट बाहेर ठेवा. भाविक निमूटपणे काढतो, आत जातो, आणि आत मृदंग वाजत असतो. तो कशाने मढविलेला आहे? तबला, पखवाज, ढोलकी, ताशा, आणि काकडआरतीला दुमदुमणारा चौघडा, यांतले एकही वाद्य कातड्यावाचून बोलत नाही. विठ्ठलाच्या कानावर पहाटे जो पहिला नाद पडतो तो कातड्याचा. आमचे आजोबा-पणजोबा ज्या विहिरीच्या पाण्यावर देवाच्या फुलांची बाग शिंपीत, त्या विहिरीवर मोट चाले, मोट चामड्याची. नंदादीपाचे तेल आणि नैवेद्याचे तूप पूर्वी बुधल्यांतून येई, बुधला चामड्याचा. म्हणजे पाणी, तेल, तूप, नाद हे सारे चामड्याच्या पोटातून देवाकडे गेले व पवित्रच राहिले. एक माणूस तेवढा गेला नाही.

आता या माणसाच्या विद्येकडे वळू. तिची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना असते. ज्याच्याजवळ जावयाचे नाही त्याचे काम पाहावयाचे कोठून? कोल्हापुरी वहाणेचे उदाहरण घेऊ. कच्चे कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात मुरते, मग त्याचे केस व मांस खरवडून काढतात. नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते घालतात. त्यापुढची युक्ती पाहण्यासारखी आहे: कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात, तिच्यात तोच अर्क भरतात, आणि तो कातड्यातून झिरपत झिरपत बाहेर येतो; मग पिशवी उलटी करून पुन्हा भरतात. या साऱ्यात दिवसांचे आठवडे होतात. कापडाला जशी हळद मुरावी तसा हिरडा कातड्यात मुरतो आणि ते पाण्याला, घामाला, उन्हाला पुरून उरते. पुढे रापीने तळ कापावयाचा, थर जोडावयाचे, कान आणि अंगठा बसवावयाचा, आणि खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवावयाचे. वरची बारीक वेणी बहुधा घरातल्या बायका विणतात. कापशी, पायताण अशी तिची नाना रूपे आहेत. तिची कर्रकर्र ऐकून माणूस कोण हे ओळखावे अशी एके काळी तिची ऐट होती. वैद्य हिरडा देतो तो विद्वान, आणि हाच हिरडा कातड्याला देणारा अडाणी, हा भेद आम्हांला आजवर कळलेला नाही.

या वहाणेचा मुलूख कृष्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. जून २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या नावे झाले. सीमेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांनी एका वहाणेवर एकत्र सही करावी, यात एक मौज आहे. अथणीचा कानडी कारागीर आणि कोल्हापूरचा मराठी कारागीर यांच्या रापीला सीमा ठाऊक नव्हतीच. याच मुलखाच्या उत्तरेला, कल्याणच्या बसवेश्वरांच्या मेळ्यात, बाराव्या शतकात हरळय्या नावाचा चर्मकार शरण होता. आपल्याकडे कृतज्ञता सांगताना ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ असे म्हणण्याची रीत आहे. बोलणारे आपण सारे. हरळय्याने, कथा सांगते की, ते खरेच केले. आपल्या व पत्नीच्या मांडीच्या कातड्याचा जोड करून त्याने बसवेश्वरांपुढे ठेवला. पुढे त्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला, आणि त्या अपराधाबद्दल बिज्जळ राजाने दोन्ही व्याह्यांना देहदंड दिला. कातड्याचे जोडे घातलेले चालले. सोयरीक चालली नाही.

हे आठशे वर्षांपूर्वीचे झाले, असे कोणी म्हणेल. तर कालचे घ्या. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या धनाढ्य पेढीने आपल्या पोशाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्या घाटाच्या वहाणा मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रे पेटली, सभा झाल्या, प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. याचिका करणारे मानांकनाचे मालक नाहीत म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. पेढीने उगमाची कबुली दिली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून सुमारे २००० जोड येथल्या कारागिरांकडून करून घ्यावयाचे ठरविले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. कारागिराला काम मिळते आहे याचा आम्हांला आनंद आहे. त्याविषयी कुरकूर नाही.

आमचा प्रश्न गहजब करणाऱ्यांना आहे. ‘आमची संस्कृती चोरली’ असे जे म्हणाले, त्यांच्या त्या ‘आमची’ या शब्दात तो चर्मकार केव्हापासून आला? काल-परवापर्यंत तो ‘त्यांच्यातला’ होता. त्याची गल्ली गावाबाहेर, त्याचे पाणी वेगळे, त्याच्या मुलाला शाळेत बापाच्या धंद्यावरून हाक मारलेली. इटालियन माणसाने नाव घेतले नाही हा अपमान झाला. आणि ज्या वहाणा आपण पिढ्यान्‌पिढ्या घातल्या त्या कोणी केल्या त्याचे नाव आपण कधी घेतले? आपल्या घरातल्या जुन्या कोल्हापुरीचा जोड कोणी शिवला हे ज्याला ठाऊक आहे त्याने हात वर करावा. सोनाराचे नाव ठाऊक असते, शिंप्याचे असते, आचाऱ्याचेही असते. मिलानची पेढी आणि आपण यांत फरक एवढाच की, तिच्यावर आरडाओरडा करणारे कोणी तरी होते.

जपानचा दाखला वर दिला, तो पुरा करणे न्यायाचे होईल. नाही तर त्या लोकांची उगाच स्तुती होईल. तेथेही बुद्धाच्या अहिंसेचे नाव सांगून कातडे कमावणाऱ्यांना वेगळ्या वस्त्यांत ढकलले गेले. चामड्याच्या तळाच्या वहाणा व ढोल करणे हे त्यांचेच काम होते. १८७१ साली राजाज्ञेने तो भेद रद्द झाला. कागदावर रद्द झाला; मनात राहिला; म्हणून १९२२ साली क्योतो येथे त्या लोकांना स्वतःची समतासंस्था काढावी लागली. हिंदू धर्मच तेवढा वाईट असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होऊ शकेल. परंतु शेजाऱ्याच्या अंगणातही केर आहे म्हणून आपला केर तुळशीपुढे राहू द्यावा काय?

हा लेख सौंसरहून लिहिला जात आहे. कोंकणी वाचकांस हे नाव दूरचे वाटेल. महाराष्ट्रातल्या पुष्कळांस हे मराठी मुलखात आहे हेच ठाऊक नसते. नागपूर सत्तर किलोमीटरच्या आत. बोली वऱ्हाडी वळणाची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर पलीकडे गेले. २०२३ पासून सौंसर व पांढुर्णे मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आहे. संत्र्यांचा आणि कापसाचा हा प्रदेश, आणि म्हणून बैलांचाही. येथला मोठा सण पोळा. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात जी गोटमार होते तिच्याविषयी निराळे लिहावे लागेल.) आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तुपाहळदीने शेकतात, त्याला जेवणाचे आवतण देतात, सकाळी न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, झूल चढवितात, तोरणाखालून नेतात, आणि घरधनीण त्याचे पाय धुऊन त्याला पुरणपोळी भरविते. वर्षभर राबलेल्या मुक्या जिवाचे ऋण एका दिवसात फेडण्याचा हा सोहळा पाहून डोळे भरून येतात.

पण हाच बैल एके दिवशी गोठ्यात मरून पडतो. तेव्हा काय होते? ज्या हातांनी त्याचे पाय धुतले ते हात मागे सरतात. त्याला ओढून नेण्यास, त्याचे कातडे सोडविण्यास, ते कमावण्यास एक-एक जात नेमलेली होती. आणि ज्याने त्याला शेवटचा हात लावला तो त्या दिवसापासून नव्हे, त्याच्या आजोबांपासून अस्पृश्य ठरलेला होता. त्याच बैलाच्या कातड्याची वहाण मग धन्याच्या पायात येई, नाडा त्याच्या नांगराला लागे, मोट त्याच्या विहिरीवर चढे. बैल पूज्य, वहाण उपयोगी, आणि दोहोंच्या मधला माणूस अमंगळ! जिवंत बैलाची सेवा हे पुण्य असेल, तर मेलेल्या बैलाला कुजू न देता पुन्हा धन्याच्या सेवेला लावणे हे पाप कसे होईल?

हा प्रश्न आम्हीच प्रथम विचारतो असे नाही. सौंसरहून नागपूर ओलांडून वर्ध्याला गेले की नालवाडी लागते. तेथे १९३० नंतरच्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. आपोआप मेलेल्या जनावरांचेच कातडे घ्यावयाचे असा त्याचा नेम होता. कोंकणात कणकवलीच्या गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेली गुरे फाडण्याचे व कातडे कमावण्याचे काम स्वतःच्या हाताने केले. ब्राह्मण घरातला हा विद्वान मनुष्य, गावाने नाके मुरडली तरी डगमगला नाही. गांधीजी तर दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर वहाणा करण्यास शिकले होते. तुरुंगात असताना केलेला एक जोड त्यांनी ज्यांनी तुरुंगात टाकले त्या जनरल स्मट्स यांनाच भेट दिला, आणि स्मट्स यांनी तो कैक वर्षे वापरून १९३९ साली परत पाठविला. वाणियाच्या मुलाने शिवलेली चप्पल जनरलाने पायात घातली. दोघांपैकी कोणी विटाळला नाही. आणि दुसऱ्या बाजूला, मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेली ढोरे ओढणे सोडा असे बजाविले. या दोन सांगण्यांत विरोध आहे असे वरवर दिसते. एक म्हणतो, हे काम आम्हीही करू. दुसरा म्हणतो, हे काम आम्हीच का करावे? पण दोघांचे बोट एकाच ठिकाणी आहे. काम घाण नाही. ते जन्माने लादणे घाण आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना बांधून मारण्यात आले, तेव्हा हे बोट पुन्हा त्याच जागी टेकले. गाईला माता म्हणणाऱ्यांपैकी कोणीही त्या मातेचे प्रेत उचलण्यास पुढे आलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

आमच्या ओळखीचे सज्जन यावर म्हणतात, “अहो, आता हे सारे संपले. कायदा झाला, देवळे खुली झाली. जुनी जखम का उकरता?” कायदा झाला, खरे. आमच्या या प्रदेशात, तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, १९४७ सालीच मंदिरप्रवेशाचा कायदा झाला; त्याच वर्षी मे महिन्यात पंढरपूरला साने गुरुजींनी उपोषण केले व विठ्ठलाचे दार उघडले. परंतु ही दारे किती उशिरा उघडली त्याचा हिशेब केला आहे काय? नाशिकला काळारामाच्या दाराशी मार्च १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, येथून सत्तर किलोमीटरच्या आत, नागपूरला लाखो लोकांनी त्या दाराकडे पाठ फिरविली व बुद्धाला शरण गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहून कंटाळलेला माणूस कायमचा उभा राहत नाही; तो निघून जातो. जे अजून आपल्यात आहेत, रोहिदासांची जयंती करतात, आपल्याच देवांना नवस बोलतात, ते आपल्या चांगुलपणामुळे आहेत असा कोणी भ्रम बाळगू नये. ते त्यांच्या भक्तीमुळे आहेत.

शिवाय कायद्याने दार उघडले ते दर्शनाला. देवस्थानच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीला नव्हे, उत्सवाच्या पहिल्या मानाला नव्हे, पंगतीच्या वाढपाला नव्हे. आमच्या पाहण्यात अशी देवस्थाने आहेत की, जेथे भाविकांच्या चपला सांभाळण्याचा ठेका दरवर्षी लिलावाने जातो व त्यातून देवाला चांगले उत्पन्न मिळते. पण तुटलेला अंगठा शिवून देणारा म्हातारा मात्र फाटकाबाहेर, छत्रीच्या सावलीत, पोलीस उठवील तेव्हा उठण्याच्या तयारीने बसलेला असतो. सूर्याने जमदग्नीला दिलेल्या दोन वस्तू त्याच्यापाशी असतात. एक तो विकतो, दुसरी डोक्यावर धरून बसतो.

सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली निजलेल्या मुद्रेतला मारुती आहे. विदर्भातून व सातपुड्यातून लोक त्याच्या दर्शनाला येतात. मध्य प्रदेश शासनाने २०२३ साली तेथे ‘हनुमान लोक’ उभारण्याचे काम हाती घेतले. अशा कामात मंडप होतात, कमानी होतात, नारळ-फुलांचे गाळे होतात, पादत्राणे ठेवण्याची सोयही होते. आमची मागणी लहान आहे. पादत्राणांच्या जागेला लागून एक पक्का गाळा, छपराचा, विजेचा, बिनभाड्याचा, चर्मकार कारागिरासाठी राखावा. ठेक्याच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा त्याला मिळावा. आणि विश्वस्त मंडळात एक जागा त्याच्या समाजाला असावी, उपकार म्हणून नव्हे, मृदंग मढविणाऱ्याचा हक्क म्हणून. ‘चामड्याच्या वस्तू आणू नयेत’ ही पाटी ज्यांना लावावयाचीच असेल त्यांनी आधी चौघडा बाहेर काढावा. आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतकरी बांधवांना एवढेच विनवावयाचे की, येत्या पोळ्याला बैलाच्या पायांवर पाणी घालून झाले म्हणजे, ज्याने त्याचा गोंडा व घुंगुरांचा पट्टा शिवला त्याला ओसरीवर बोलवावे आणि पुरणपोळीचे पहिले पान त्याचे मांडावे. ओसरीवर येताना तो वहाणा दाराशी काढीलच, आपणही काढतो.